ड्युटीच्या पट्ट्यावर फिक्स ब्लेड चाकू: जागा कोणती, म्यान कसलं, परवानगीचं काय?

मांजराकाठ

राम राम मंडळी. नेमणूक ग्रामीण पोलीस ठाण्यात, ड्युटी बहुतेक वेळा ११२ या आपत्कालीन क्रमांकाच्या गाडीवर. हद्दीत महामार्ग, ऊसवाहतूक, आठवडी बाजार असं सगळंच आहे. सीटबेल्ट, ट्रकचा नायलॉन दोर, ताडपत्री, जनावरांची दावी कापायचं काम सतत निघतं. घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात आणि नेमका एक हात जखमीला धरण्यात अडकलेला असतो. म्हणून फिक्स ब्लेड, म्हणजे घडी न होणारा चाकू, पट्ट्यावर लावायचा विचार करायलोय.

सध्याची मांडणी: एकेरी चामडी पट्टा, रुंदी ५० मिमी, जाडी ४ मिमी. उजवीकडं पिस्तुलाचं होल्स्टर. डावीकडं पुढं बेडीचा पाऊच, त्यामागं टॉर्च. चाकूचं पातं ९५ मिमी, एकूण लांबी २१० मिमी, धार एकाच अंगाला, टोक अणकुचीदार. सोबत चामड्याचं म्यान आलंय, त्याचा पट्ट्याचा फासा ६५ मिमीचा.

चाकू नेमका कुठं बसवावा? कमरेमागं आडवा लावलेले फोटो बरेच दिसतात, ते बरोबर आहे का? म्यान चामड्याचं ठेवावं की कायडेक्सचं (तापवून आकार देता येणारं कडक प्लास्टिक)? आणि प्रभारी साहेबांना तोंडी सांगितलं तर भागतं का?

दुधना

कमरेमागं मुळीच नको, भाऊ. गाडीत बसलं की मूठ मणक्यावर येते, आणि पाठीवर पडलात तर सगळा भार त्याच जागी. त्याहून मोठी अडचण म्हणजे मागची वस्तू आपल्याला दिसत नाही, मागच्या माणसाला दिसते. बाजाराच्या रेटारेटीत कुणी मुठीला हात घातला तर आपल्याला कळेस्तोवर चाकू त्याच्या हातात गेलेला असतो.

होल्स्टरच्या शेजारीही नको. घाईत हात सवयीच्या जागी जातो, डोळे दुसरीकडं असतात. तिथं दोन मुठी शेजारी असल्या की भलतीच मूठ हातात येते.

कामाची जागा एकच: बक्कल आणि डाव्या कमरेचं हाड यांच्या मधली. बक्कल १२ वाजता धरलं तर साडेदहा ते अकरा. इथं दोन्ही हात पोचतात, आणि जागा निवडायची खरी कसोटी तीच आहे. कुणी पिस्तुलाला झोंबला तर उजवा हात पिस्तूल होल्स्टरमध्येच दाबून धरण्यात गुंततो, तेव्हा चाकू डाव्या हाताला मिळायला हवा. डाव्या हातानं जखमीची मान धरलेली असेल तेव्हा तोच चाकू उजव्याला मिळायला हवा. शिवाय ही जागा सहज डाव्या कोपराखाली झाकली जाते.

आता लांबी. २१० मिमीचा चाकू उभा लावला तर ११५ मिमीची मूठ वर बरगडीला टोचते आणि म्यानाचं टोक खाली जांघेत येतं. बोलेरोत बसलात की मांडी वर येऊन म्यान आत ढकलते. जांघेतून पायाची मोठी रोहिणी जाते, तिथं टोक रोखलेलं असणं धोक्याचं. म्हणून तुमचा चाकू ४५ अंशांत तिरपा बसवा, मूठ वर आणि बक्कलकडं कललेली, टोक खाली आणि डाव्या कमरेकडं. मग मूठ पट्ट्याच्या वर जेमतेम ८० मिमी राहते. उजव्या हातात तो सरळ पकडीत येतो. डाव्या हातात उलट्या पकडीत, म्हणजे पातं करंगळीकडून बाहेर. दोर स्वतःकडं ओढून कापायला ही पकड चालते, पण सराव हवा. पुढं कधी नवा घेतलात तर पातं ७०-७५ मिमी आणि एकूण १७५ मिमीच्या आत बघा, या सगळ्या अडचणी निम्म्या होतील.

तुमच्या मांडणीतला सर्वांत मोठा दोष मात्र तो ६५ मिमीचा फासा आहे. पट्टा ५० चा, म्हणजे १५ मिमी मोकळे. चाकू ओढला की आधी म्यान वर चढतं, मग तिरकं होतं, आणि पातं आतच आवळलं जातं. जोर लावला तर चाकू म्यानासकट हातात. फासा पट्ट्याच्या रुंदीपेक्षा १ ते २ मिमीच मोठा असावा. चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून फाशाच्या खालच्या अंगाला पट्टी भरून दोन रिव्हेट मारून घ्या. एकेरी पट्टा ओढ बसली की बाहेर पिळतो, तेव्हा म्यानाच्या दोन्ही बाजूंना २० मिमी रुंदीचे बटणाचे कीपर (दोन पट्टे एकत्र धरणारे छोटे फासे) लावून ड्युटीचा पट्टा पँटच्या आतल्या पट्ट्याला बांधा. कीपर नसतील तर कितीही भारी म्यान लावा, ते जागेवर राहणार नाही.

म्यानाची पकड मोजायची सोपी रीत अशी: म्यान उलटं, तोंड खाली करून घट्ट धरा आणि मुठीला दोरीनं एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली टांगा. चाकू निसटला तर पकड सैल. तीन बाटल्या टांगूनही हलला नाही तर जास्त घट्ट, घामेजल्या हातानं निघणार नाही. नंतर पट्टा बांधून दहा उड्या मारा, गाडीत पाच वेळा चढा-उतरा, डाव्या कुशीवर लोळून बघा, आणि प्रत्येकानंतर मूठ जागेवर आहे का हातानं चाचपा.

तेरणा

तोंडी भागत नाही. गणवेशावर मंजूर नसलेली वस्तू, तीही धारेची, म्हणजे लेखी आदेश हवाच. अर्ज ठाणे प्रभारींमार्फत उपविभागीय अधिकाऱ्यांकडून पोलीस अधीक्षकांकडं जाऊ द्या. अर्जात "स्वसंरक्षणासाठी" असं मोघम लिहू नका. "अपघात व बचावकार्यात कापण्याचे साधन" असं लिहा आणि त्यासोबत पात्याची लांबी-रुंदी, एकधारी असल्याचं, म्यानाचा प्रकार, पट्ट्यावरची जागा आणि मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो जोडा. आदेश आला की एक प्रत ठाण्यात, एक स्वतःजवळ.

कायद्यात दोन गोष्टींची गल्लत होते. शस्त्र नियम २०१६ च्या पाचव्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. तुमचं ९५ मिमी म्हणजे पावणेचार इंच, त्या मापात बसत नाही. म्हणून लोक समजतात की लहान चाकूला कायदाच नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश निघतात, त्यात चाकू-सुरीला माप नसतं आणि मोडला तर कलम १३५ लागतं. आदेशात कर्तव्यावरच्या कर्मचाऱ्याला सूट असते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्येही कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकाला सूट आहे. दोन्हीकडं शब्द "कर्तव्य" आहे, हे नीट वाचा. ड्युटी सुटली, साधे कपडे घातले, मोटारसायकलवर गावाकडं निघालात, की ती सूट संपली. म्हणून हजेरीच्या वेळी घ्यायचा, ड्युटी संपताना ठाण्यात जमा करायचा, तसं आदेशातच लिहून घ्या.

दुधारी पातं नको, बटण चाकू नको. दुधारी पात्याला उद्या वकील कोर्टात खंजीरच म्हणणार. नांदेडकडची मंडळी कृपाणाचा दाखला देतात, पण ती मोकळीक राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातून, शीख धर्माचरणाचा भाग म्हणून आहे. आपल्या चाकूला तिचा आधार घेता येत नाही.

कुठं नेऊ नये तेही सांगतो: लॉकअपच्या आत, कैदी पार्टीवर, आणि आरोपीला दवाखान्यात किंवा कोर्टात नेताना. कैद्याशेजारी तासन्‌तास बसावं लागतं आणि आपली डावी कूस त्याच्या हाताजवळ येते. सलामी परेडलाही काढून ठेवा.

माणसावर चाकू चालवायची वेळ आलीच तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४, म्हणजे खासगी संरक्षणाचा हक्क, तेवढाच आधार. धोक्याच्या प्रमाणाबाहेर गेलात तर अंगावरचा गणवेश वाचवणार नाही. तसं काही घडलं तर चाकू पुसू नका, धुऊ नका. तो मुद्देमाल झालेला असतो. लगेच वरिष्ठांना कळवा, स्टेशन डायरीत नोंद घ्या.

मांजराकाठ

आभार, तेरणा साहेब. अर्ज याच आठवड्यात देतो. फासा आजच कमी करायला टाकला. दोन शंका राहिल्या. टोक अणकुचीदार आहे ते बचावाच्या कामाला चालेल का? आणि कायडेक्सचं म्यान इथंच करून घेता येईल का?

कयाधू

टोकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि दुधना भाऊंना कदाचित पटणार नाही. रोजच्या कामातलं बहुतेक काम दोर, पट्टा, कापड आणि ताडपत्री यांचं असतं, आणि ते बरेचदा माणसाच्या किंवा जनावराच्या कातडीला लागून असतं. तिथं टोक नडतं. बोथट टोकाचं, पाठ पुढं उतरलेली आणि धार सरळ असं पातं घ्या. मुळाकडच्या तिसऱ्या हिश्श्याला करवती दाते असले तर नायलॉन आणि सीटबेल्ट पटकन धरला जातो. आहे त्याच चाकूचं टोक गोल करायचं असेल तर सहाणेवर पाणी घालून हळू घासा. ग्राइंडरवर धरलं आणि टोक निळं पडलं की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, धार टिकणार नाही.

सीटबेल्ट पॉलिएस्टरचा, साधारण ४८ मिमी रुंद. सैल पट्टा कापला जात नाही, पातं नुसतं घसरतं. एका हातानं तो ताणा, दाराच्या खांबाजवळ किंवा बक्कलजवळ कापा, गळ्याजवळ नाही. धार शरीरापासून बाहेर, पातं पट्ट्याला ४५ अंशांत, आणि दाबत न बसता ओढून कापा. गाडी उलटी असेल तर माणूस पट्ट्यालाच लटकलेला असतो. आधी त्याला खालून आधार द्या, मग कापा, नाहीतर तो डोक्यावर पडेल. काचेवर चाकूची मूठ आपटत बसू नका. पुढची काच लॅमिनेटेड असते, ती चिरते पण सुटत नाही. बाजूची काच कठीण टोकाच्या हातोडीनं खालच्या कोपऱ्यात मारली की फुटते.

ताणलेला दोर कापताना कधीही त्याच्या रेषेत उभं राहू नका. ट्रकवरचा नायलॉन तुटला की चाबकासारखा उलटा येतो. उसाच्या ट्रॉलीचा आवळदोर कापायच्या आधी माल कोणत्या अंगाला कललाय ते बघा. दोर सुटला की मोळ्या त्याच बाजूला येणार, आणि खाली कुणी अडकलेलं असलं तर अपघातावर अपघात. जनावराच्या गळ्यातलं दावं कापताना दोन बोटं आत घालून ते कातडीपासून उचला, पात्याची पाठ जनावराकडं ठेवा.

आता आपल्या भागात वरचेवर येणारा, जड मनानं करायचा कॉल: गळफास. जिवंत असण्याची थोडीही शक्यता असेल तर एकानं कमरेला धरून वर उचलायचं, दुसऱ्यानं डोक्याच्या वर दोर कापायचा, गाठीपासून निदान वीतभर लांब. गळ्यातला फास काढताना गाठीच्या विरुद्ध बाजूला कापा. गाठ सोडायची नाही, कापायचीही नाही, कारण कशी गाठ मारली यावरूनच पुढं डॉक्टर आणि तपासी अंमलदार बोलतात. कापलेली दोन्ही टोकं सुतानं एकमेकांना जोडून बांधा, म्हणजे कुठला काप आपला ते कळतं, आणि चिठ्ठी लावा. इथं जीव आधी, पुरावा नंतर, यात वाद नाही. मृत्यू उघडच झालेला असेल तर मात्र फोटो आणि पंचनामा होईपर्यंत दोराला हात लावायचा नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ तिथं लागू होतं.

एक विनंती. चाकूसोबत पॅरामेडिकची बोथट टोकाची कात्री आणि सीटबेल्ट कापायचा आकडा, दोन्ही गाडीच्या दारातल्या कप्प्यात ठेवा. जखमीचे कपडे आणि पायात गुंतलेला नायलॉन मांजा कात्रीनं चांगला सुटतो. आकड्याची धार आत दडलेली असते, अंधारातही माणसाला लागत नाही. चाकू हा तिसरा पर्याय.

बिंदुसरा

म्यानाचं मी सांगतो. कायडेक्स इथंच होतं. पत्रा २ मिमी जाडीचा, तुमच्या पात्याला १५० बाय १२० मिमीचा तुकडा पुरे. आधी पात्यावर मास्किंग टेपचे दोन थर चढवा. त्यामुळं आत थोडी जागा राहते आणि धार घासत नाही. पत्रा १६० ते १७० अंशांवर तापवा, तो ओल्या चामड्यासारखा लवला की तयार. गॅसच्या ज्वाळेवर धरू नका, कडा जळतात, फोड येतात आणि धूर घशाला लागतो. लवलेला पत्रा पात्याच्या पाठीवरून दुमडायचा, म्हणजे दुमड पाठीकडं आणि रिव्हेट धारेकडं. मग दोन दाट फोमच्या तुकड्यांत घालून शिकंज्यात दहा मिनिटं आवळून ठेवायचा. पूर्ण थंड व्हायच्या आत काढला की आकार उघडतो आणि पकड जाते. रिव्हेटची भोकं ६ मिमी, पहिलं भोक मुठीच्या मुळाजवळ, कारण पकड तिथंच धरली जाते. शेवटी आतला भुसा ब्रशनं साफ करा, तो राहिला तर पात्यावर चरे पडतात.

पाणी निचरायचं ५ मिमीचं भोक बहुतेक जण टोकाला पाडतात. तुम्ही चाकू तिरपा लावणार. पट्ट्यावर बसवून बघा, सगळ्यांत खालचा बिंदू टोकाच्या जरा शेजारी येतो, भोक तिथं हवं. पट्ट्याला धरणारे स्क्रू निळा लॉकटाइट (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून आवळा. गाडीच्या हादऱ्यानं ते सैल होतात, आणि सैल झाल्याचं म्यान गळून पडल्यावरच कळतं.

पीव्हीसी पाइप तापवून म्यान करायचं कुणी सुचवेल, ते करू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते डगमगतं. कायडेक्ससुद्धा साधारण ८० अंशांना मऊ पडायला लागतं, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून जाऊ नका.

चामडंच ठेवायचं असेल तर बाभळीच्या सालीत कमावलेलं घ्या. क्रोमच्या चामड्यातले क्षार पोलाद खातात. कुठलंही चामडं घाम धरून ठेवतं, म्हणून रात्री चाकू म्यानाबाहेर. आणि आत टोकाशी कडक अस्तर हवंच, नाहीतर पडल्यावर टोक चामडं फोडून बाहेर येतं.

पोलादात फार गुंतू नका. कमानपाट्याचा लोहारी चाकू धारेला उत्तम, पण घामानं दोन दिवसांत तांबडा पडतो. रोज पट्ट्यावर राहणाऱ्या चाकूला १४सी२८एन सारखं न गंजणारं पोलाद बरं. धार दोन्ही अंगांनी २० अंश. १० मिमीचा नायलॉन दोर एका ओढीत तुटला नाही तर पाजवायची वेळ झाली. तेल शिलाई मशीनचं, दोन थेंब, पुसून. खोबरेल थंडीत गोठतं आणि काळ्या मातीची धूळ धरून ठेवतं. तीच धूळ म्यानात गेली की प्रत्येक वेळी चाकू काढताना धार खरवडून निघते. आठवड्याला म्यान पाण्यानं धुऊन उलटं वाळवा.

आणखी एक जोड. दुधना भाऊंनी फक्त म्यानाची पकड मोजायला सांगितली, पण बंदोबस्तात मुठीवरून बटणाची पट्टीही हवी. एक ते तीन किलोची पकड आपल्या हाताला निघते, तशीच दुसऱ्याच्याही हाताला निघते. पट्टीचं बटण अंगाकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे अंगठ्यानं आपल्यालाच सापडतं. आणि दंगा नियंत्रणाच्या ड्युटीला चाकू घेऊच नका. डाव्या हातात ढाल, उजव्यात लाठी, पुढं जमाव. तिथं पट्ट्यावरचा चाकू आपल्या उपयोगाचा नाही, हिसकावणाऱ्याच्या उपयोगाचा आहे.

दुधना

पट्टीचं बरोबर आहे, मान्य. टोकाचंही कयाधू दादांचं ऐका. पिस्तुलाला झोंबलेला हात सोडवायचा तर बोथट टोकाची धारही पुरते.

राहिला सराव. खऱ्या चाकूनं सुरुवात करू नका. त्याच मापाचा लाकडी चाकू करा, त्याला भडक नारिंगी रंग द्या आणि त्याच म्यानात घाला. रोज उजव्या हातानं वीस वेळा, डाव्यानं वीस वेळा. पट्टी उघडणं, पूर्ण मूठ पकडणं आणि मगच ओढणं, हा क्रम मोडू द्यायचा नाही. अर्ध्या पकडीत ओढला की चाकू हातातून सुटून पायावर पडतो.

बोटं कापली जातात ती बहुतेक काढताना नाही, परत घालताना. काम झालं, लक्ष जखमीकडं, हात रक्तानं-तेलानं बुळबुळीत, आणि डाव्या हातानं म्यानाचं तोंड चाचपत उजव्यानं पातं आत ढकलायचं, तिथं अंगठ्याशेजारचं बोट जातं. परत घालताना मान खाली घालून म्यान डोळ्यांनी बघायचं. मोकळा हात छातीवर. पात्याची पाठ म्यानाच्या दुमडीला टेकवून आत सरकवायचं, "टक" आवाज झाला की पट्टी लावायची. घाई असेल तर चाकू गाडीच्या बॉनेटवर, धार आपल्यापासून लांब करून ठेवून द्या आणि सोबत्याला तोंडानं सांगा.

मांजराकाठ

लाकडी चाकू सुताराकडं सांगतो. पण साडेदहा-अकराच्या जागेवर सध्या बेडीचा पाऊच आहे. तो कुठं सरकवू?

दुधना

बेडी ९ वाजता, बरोबर डाव्या हाडावर. तिथून डाव्या हातानं निघते, उजवा मोकळा राहतो. टॉर्च साडेसातला, कुलूपदार पाऊचमध्ये. सहा वाजता, पाठीच्या मध्यावर, काहीच नको. चाकूचं म्यान आणि बेडीचा पाऊच यांच्यात दोन बोटांची फट ठेवा आणि कीपर त्याच फटीत लावा.